नोहाची खिडकी

पक्ष्यावर प्रेम करण्याच्या दोन रीती आपल्या घरांतून एकाच वेळी नांदत असतात. ओटीवर एक पिंजरा टांगलेला असतो. त्यात राघू असतो, नाहीतर निळ्या-पिवळ्या रंगांची इवली जोडी असते. मुले शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्या पिंजऱ्याकडे धावतात. त्याच घराच्या मागे, विहिरीजवळच्या शेवग्यावर पहाटे दयाळ गात असतो, केळफुलाला शिंजीर लोंबकळत असतो, लिंबाच्या पानांना टाके घालून शिंपी आपले घरटे शिवीत असतो. ह्या पक्ष्यांना कोणी विकत आणलेले नसते आणि पुष्कळदा त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहतही नाही.

हे दोन्ही आनंद एकाच जातीचे आहेत काय? पक्षी आवडतो म्हणून तो आपल्याजवळ ठेवावा, हे प्रेम झाले. पक्षी आवडतो म्हणून त्याला त्याच्या ठिकाणी राहू द्यावे, हेही प्रेमच झाले. दोघांपैकी खरे कोणते? प्रश्न लहान वाटेल. जगात युद्धे चालू असताना, शेजारच्या घरात कोणाची नोकरी गेलेली असताना धर्मगुरूने पिंजऱ्यातल्या पाखराविषयी लिहावे काय, असेही कोणी विचारील. त्या आक्षेपाकडे मी पुढे वळणारच आहे. तूर्त इतकेच म्हणतो की, जे दुर्बल आहे, जे आपल्या हातात सापडले आहे आणि ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, ह्यावरून आपल्या प्रेमाची पारख होते. पाखरू ह्या तिन्ही अटी पुऱ्या करते.

पवित्र शास्त्रात पक्ष्यांची पहिली भेट पहिल्याच पानावर होते. पाचव्या दिवशी परमेश्वराने जलचर आणि पक्षी निर्माण केले, ते चांगले आहेत असे पाहिले आणि त्यांना आशीर्वाद दिला. बायबलमधला हा अगदी पहिला आशीर्वाद होय. मानवाला आशीर्वाद मिळाला तो त्यानंतर, सहाव्या दिवशी. आपल्याला वाटते की साऱ्या सृष्टीला आशीर्वाद मिळाला तो आपल्यामुळे. पण मानव जन्माला येण्याआधीच पाखरांच्या पंखांवर परमेश्वराचा हात ठेवून झाला होता. शिवाय ह्या वर्णनात परमेश्वराला झालेला आनंद हा केवळ पाहण्याचा आनंद आहे. त्याने पाहिले, त्याला चांगले वाटले, आणि त्याने पाखरांना पृथ्वीवर बहुगुणित होण्यास सांगितले.

पुढे काही पानांनंतर पक्षी माणसाच्या हातात येतो. ती कथा नोहाची. नोहाचे तारू हा एका अर्थाने पवित्र शास्त्रातील सर्वांत मोठा पिंजरा होता. त्याला दार होते आणि ते बंद होते. आतल्या जिवांसाठी अन्न साठवण्याची आज्ञा नोहाला मिळाली होती, म्हणजे कोंडणाऱ्यानेच त्यांना पोसायचे होते. पाऊस थांबल्यावर नोहाने खिडकी उघडून कावळा सोडला, मग कबूतर सोडले. कबुतराला पाय टेकायला जागा मिळाली नाही, ते परत आले. तेव्हा नोहाने हात बाहेर काढून त्याला आत घेतले. सात दिवसांनी त्याने ते पुन्हा सोडले. ह्या वेळी ते संध्याकाळी चोचीत जैतुनाचे कोवळे पान घेऊन आले. आणखी सात दिवसांनी तिसऱ्यांदा सोडले, तेव्हा मात्र ते परत आले नाही.

आपण चित्रांतून आणि भेटकार्डांवर जैतुनाचे पान आणणारे कबूतर पाहतो. परंतु कथेचे शिखर त्याच्या पुढे आहे. कबूतर परत न येणे हीच खरी शुभवार्ता होती. बाहेर आता जमीन आहे, झाड आहे, पक्ष्याला राहता येईल असे जग पुन्हा तयार झाले आहे, हे नोहाला त्या रिकाम्या खिडकीमुळे समजले. ज्या पाखराला त्याने महिनोन्‌महिने हाताने दाणा दिला, ते आपल्याला सोडून गेले म्हणून तो खिन्न झाला असे शास्त्र सांगत नाही. त्याने तारवाचे आच्छादन काढले आणि बाहेर पाहिले.

ह्या कथेतून मला एक कसोटी सापडते. कोणताही पिंजरा पाहिला की दोन गोष्टी विचाराव्यात. आतला जीव कोणाच्या हितासाठी कोंडला आहे? आणि बाहेर त्याला सुखाने राहता येईल असा दिवस उगवला, तर पिंजऱ्याचा धनी खिडकी उघडील काय? दोन्ही उत्तरे पक्ष्याच्या बाजूची असतील तर ते तारू आहे. ती धन्याच्या बाजूची असतील तर ती तिजोरी आहे, मग तिच्या सळ्यांना सोनेरी मुलामा का दिलेला असेना.

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले आणि मादी अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले घेतली तरी चालतील, पण आईला सोडून द्यावे. त्या कठोर काळात माणसाला अन्नासाठी पाखरे धरावी लागत. नियमशास्त्र ते नाकारीत नाही, पण त्याला मर्यादा घालते. आश्चर्य हे की, हा नियम पाळणाऱ्याला कल्याणाचे आणि दीर्घायुष्याचे वचन दिलेले आहे. आणि आईबापांचा मान राख ह्या आज्ञेला जोडलेले वचनही तेच आहे. आईबापांचा सन्मान आणि रानातल्या एका पक्षिणीची सुटका ह्यांना शास्त्राने एकाच फळाच्या झाडाखाली आणून बसवले आहे.

प्रभू येशूच्या काळात चिमण्या बाजारात विकल्या जात. गरिबांचे ते मांस होते. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेब केला तर एक चिमणी वरकड आली, म्हणजे भाजीवर कोथिंबीर मिळावी तशी फुकटची. प्रभू सांगतो की, त्यांतल्या एकीचाही परमेश्वराला विसर पडत नाही. बाजाराने जिची किंमत शून्य लावली, ती पाचवी चिमणीही पित्याच्या मोजदादीत आहे. तुम्ही पुष्कळ चिमण्यांहून मोलाचे आहात, असे प्रभू त्यानंतर म्हणतो खरे. पण ह्या वाक्यात माणसाचे मोल चिमणीचे मोल खोटे ठरवून वाढवलेले नाही. चिमणीचे मोल खरे आहे म्हणूनच त्या तुलनेला अर्थ आहे.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस ह्यांचा अभ्यास केला. तेराव्या शतकातील ह्या महापंडिताने प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये ह्याचे एक कारण असे दिले की, ज्याचा हात जनावरावर निर्दय होतो त्याचे मन पुढे माणसावरही निर्दय होते. हे खरे आहे. पण एवढेच खरे धरले, तर पाखरू म्हणजे आपल्या सद्‌गुणांची तालीम करण्याचे साधन ठरेल. थॉमस ह्यांनीच दुसऱ्या ठिकाणी अधिक खोल विचार मांडला आहे. ईश्वराचे चांगुलपण इतके अपार आहे की कोणत्याही एका निर्मितीला ते पुरेसे प्रकट करता येत नाही, म्हणून त्याने नानाविध वस्तू निर्माण केल्या. एकीत जे उणे राहते ते दुसरी भरून काढते. ह्या दृष्टीने पाहिले तर खंड्याची निळाई आणि घुबडाची डोळस रात्र ही ईश्वराविषयीची दोन वेगळी वाक्ये आहेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये प्राणी आपल्या केवळ अस्तित्वाने ईश्वराचे गौरव करतात आणि माणसाने त्यांच्याशी ममतेने वागणे हे त्यांचे देणे आहे, असे शिकवले आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात हाच धागा पुढे नेऊन, आपल्या उपयोगापलीकडेही प्रत्येक जिवाला ईश्वरापुढे स्वतःचे मोल आहे, असे सांगितले.

आता ही कसोटी आपल्या ओटीवर आणून लावू.

प्रथम आपला राघू. पोपट ढोलीत अंडी घालतो. विणीच्या काळात झाडावर चढून ढोलीतून पिल्ले काढली जातात, टोपल्यांत कोंबून शहराच्या बाजारात आणली जातात, आणि उडू नयेत म्हणून त्यांचे पंख छाटले जातात. वाटेत किती मरतात ह्याची गणती विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही. इवल्या मुनिया जाळ्यात धरून त्यांना हिरवा-लाल रंग फासून विकण्याचा प्रकारही आपल्या देशात चालत आला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९०–९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेली बंदी ह्यांमुळे पोपट, मैना, मुनिया विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. पुष्कळ सज्जन कुटुंबांना हे ठाऊकच नसते. आजोबांच्या काळापासून दारात राघू आहे, त्यात काय बिघडले, असे त्यांना वाटते.

काय बिघडले ते पोपटाच्या स्वभावात शोधावे लागते. तो थव्याचा पक्षी आहे. संध्याकाळी वडा-पिंपळावर उतरणाऱ्या पोपटांचा गलका ज्याने ऐकला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. पिंजऱ्यातला पोपट माणसाचे बोल उचलतो, तेव्हा आपण कौतुक करतो; वास्तविक त्याला दुसरा थवा उरलेला नसतो म्हणून तो आपल्यालाच थवा मानून आपली भाषा शिकतो. तो घरच्यांना ‘जय येशू’ म्हणतो हे गोड आहे. पण ते एकट्या पडलेल्याचे गोड बोलणे आहे. एकटा ठेवलेला पोपट कधी कधी स्वतःचीच पिसे उपटू लागतो. हे दुखणे रानात दिसत नाही.

ह्या संदर्भात एका मावशींची हकीकत सांगतो. त्या विधवा आहेत, मुलगा-सून परदेशी असतात. त्यांच्याकडे सोळा वर्षांचा राघू होता. यजमानांनी हयातीत एका जत्रेतून तो आणला होता. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीने त्यांना कायदा सांगितला, वर पापही सांगितले. दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर मावशी थांबल्या. “फादर, राघूला ठेवलं तर मला पाप लागतं का? आज संध्याकाळी सोडून देऊ का त्याला?” मी म्हटले, “मावशी, सोडू मात्र नका. सोळा वर्षं तुमच्या हातचं खाल्लेलं पाखरू कावळ्या-घारींत एक दिवसही टिकायचं नाही.” ज्याने कधी आपले अन्न शोधले नाही, ज्याला मांजराचे भय शिकवायला आईबाप मिळाले नाहीत, त्याला उघड्यावर सोडणे म्हणजे सुटका नव्हे. नोहानेही पाणी ओसरल्यावाचून कोणाला बाहेर घालवले नव्हते. आणि पापाविषयी म्हणाल, तर नकळत आणि मायेने केलेल्या गोष्टीचा दोष त्या माउलीच्या माथी मारण्याचे धाडस मी करणार नाही. पण कळल्यानंतरचा निर्णय हा कळण्यापूर्वीच्या निर्णयापेक्षा वेगळा असतो, हेही मला तिला सांगावे लागले.

त्यांच्या पुतण्याने वनखात्याला कळवले. खात्याची माणसे आली, त्यांनी अदबीने सारे विचारून घेतले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, हा आता कधीच नीट उडणार नाही. त्याला सुटका केलेल्या पोपटांबरोबर मोठ्या जाळीच्या दालनात ठेवावे लागेल. राघू निघाला तेव्हा मावशींनी एकच विचारले, “तिथं त्याच्याशी बोलायला कोणीतरी असेल ना?” हे मी जसे ऐकले तसे लिहिले आहे. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न होता, आणि तो साऱ्या गावासाठी होता. पिंजरा रिकामा झाल्यावर कित्येक आठवडे मावशी सकाळी उठून सवयीने पेरूची फोड कापीत. नंतर अंगणात पाण्याचे भांडे ठेवले, बुलबुल आले, पण त्यांनी राघूची जागा भरून काढली असे मी म्हणणार नाही. ती भरली नाही. युवक-युवतींपैकी दोघे-तिघे आता पाळीपाळीने संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसतात. पिंजऱ्यातल्या पाखरावर न्याय करायला निघालेल्या गावाने त्या पिंजऱ्याशेजारी बसलेल्या माणसाकडेही पाहिले पाहिजे. एकाची खिडकी उघडताना दुसऱ्याचे दार बंद राहू नये.

दुसरा पिंजरा परदेशी पक्ष्यांचा. आपल्याकडे ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात, ते बहुधा बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. तिथे ते पाण्याच्या शोधात मोठमोठ्या थव्यांनी हिंडतात आणि रंगाने हिरवे असतात. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड ह्यांनी १८४० साली काही जिवंत बजरीगर इंग्लंडमध्ये नेले, तेव्हापासून माणसांच्या घरांत त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या झाल्या. निळा, पिवळा, पांढरा हे रंग त्या बंदिवासातील पैदाशीतून आले. कॅनरी पक्ष्याचीही अशीच कथा आहे. अटलांटिकमधल्या बेटांवरचा हा गायक ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातून खाली नेला जाई, आणि ही प्रथा १९८६ पर्यंत चालली. माणसे वाचावीत म्हणून आधी त्याने घुसमटायचे.

ह्या पक्ष्यांसाठी इथे बाहेरचे जग नाही. आपल्या आमराईत सोडलेला बजरीगर स्वतंत्र होत नाही, तो भुकेने किंवा कावळ्याच्या चोचीने मरतो. त्यांच्या बाबतीत पाणी कधी ओसरणारच नाही. म्हणून हे तारू आयुष्यभर चालवण्याची जबाबदारी ज्याने पक्षी घेतला त्याच्यावर येते. आपण त्यांचे आकाश, त्यांचा थवा आणि अन्न शोधण्याची त्यांची मेहनतही काढून घेतली आहे. हे ऋण रोज थोडे थोडे फेडायचे असते. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक हवा, म्हणजे पंख पसरून दोन-चार हात तरी उडता येईल. एकटा पक्षी ठेवू नये. नुसते राळे-बाजरी देऊन भागत नाही. कोथिंबीर, पालक, गाजर हेही लागते. कित्येकांना पोपटाला मिरची दिली की तो लवकर बोलतो असे वाटते; वस्तुतः पक्ष्याला तिखटपणा जाणवतच नाही, मात्र मिरचीतली जीवनसत्त्वे त्याला उपयोगी पडतात. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो ही त्याला विषासमान आहेत. पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नये, कारण न चिकटणाऱ्या मुलाम्याचा तवा फार तापला की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. आणि वाढदिवसाला किंवा पहिल्या ख्रिस्तप्रसादाला मुलाला पाखरू भेट देण्याआधी आईवडिलांनी एक विचारावे : मुलाचा उत्साह दोन महिन्यांत ओसरला, तर पुढची सात-आठ वर्षे हे दाणा-पाणी कोण करणार? उत्तर डळमळीत असेल तर पिंजरा विकत घेऊच नये. मागणी आहे म्हणूनच बाजार आहे.

आता पिंजऱ्याबाहेरचे पक्षी. ह्यांना आपण कोंडलेले नाही, म्हणून त्यांचे आपण काही लागत नाही असे समजणे सोपे आहे. पण त्यांचे तारू म्हणजे आपलाच गाव आहे. ढोली असलेले जुने झाड, बिनफवारणीची वाडी, काठावर गवत असलेला पाणवठा ही त्या तारवाची दालने होत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा माणसांच्या पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न पुढे होता. पण त्या लढ्यात जी वाडी वाचली तिच्यात कोकिळेचा आणि हळद्याचाही वाटा होता. विहीर बुजवताना आपण किती जणांना बेघर करतो, ते खरेदीखतावर लिहिलेले नसते.

चिमणीचेच पाहा. नाशिकच्या मोहम्मद दिलावर ह्यांनी स्थापलेल्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. मोठ्या शहरांतून चिमणी कमी झाली, हे पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आपण तिला तांदूळ टाकतो आणि समाधान पावतो. परंतु चिमणीच्या पिल्लाला पहिले काही दिवस दाणा पचत नाही. त्याला अळ्या आणि किडे लागतात. बागेत एकही किडा नको म्हणून औषध मारायचे आणि ओटीवर तांदूळ टाकायचे, ह्यात एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत तिला घरट्यासाठी खबदाड मिळत नाही. तिथे चिमणी जाईल पण साळुंकी शिरणार नाही एवढ्या भोकाची लाकडी पेटी लावता येते. उन्हाळ्यात मातीच्या उथळ थाळीत पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. फरसाण आणि पाव घालू नये. अंगावर पिसे आलेले पिल्लू जमिनीवर सापडले, तर ते घरी न आणता जवळच्या फांदीवर ठेवून दूर व्हावे. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे. आणि संक्रांतीला मुलांच्या हातात नायलॉनचा मांजा देऊ नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे. पण कायदा गच्चीवर येऊन बघत नाही, बापाने बघायचे असते.

दाणा टाकण्याविषयीही विवेक हवा. २०२५ साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. एका बाजूला भूतदया होती, दुसऱ्या बाजूला कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसांचा विकार. दया करणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण आयते खाऊन एकाच जातीचे पक्षी बेसुमार वाढले, तर त्यात त्या पक्ष्यांचेही हित राहत नाही, माणसांचेही नाही. देणाऱ्याला समाधान मिळाले एवढ्यावर दान पूर्ण होत नाही; घेणाऱ्याचे भले झाले की नाही हेही पाहावे लागते.

सुंदर तेवढ्यावरच प्रेम करण्यातही धोका आहे. गिधाडाला कोणी पिंजऱ्यात ठेवीत नाही, त्याचे चित्र कोणी भिंतीवर लावीत नाही. १९९० च्या दशकात आपल्या देशातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झाले. पण २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले एकही धडपणे उरले नव्हते. मुंबईच्या आमच्या पारशी बांधवांचा शेकडो वर्षांचा अंत्यविधी त्यामुळे अडचणीत आला. कुरूप म्हणून ज्याच्याकडे आपण पाठ फिरवली, तो पक्षी आपल्या परसातली घाण निमूटपणे निपटीत होता. थॉमस अक्वायनस ह्यांच्या विचारानुसार ईश्वराच्या चांगुलपणाविषयी गिधाडालाही काही सांगायचे होते. ते आपण जवळजवळ पुसून टाकले होते.

आता तो आक्षेप. भुकेलेली माणसे असताना पाखरांची चिंता? कॅटेकिझमने ह्याबाबत स्पष्ट सांगितले आहे : जो पैसा आधी माणसांचे दुःख दूर करण्यासाठी खर्च व्हावा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे, आणि माणसांना द्यायची ममता प्राण्यांकडे वळवू नये. हजारो रुपयांचा परदेशी पोपट आणि दारात आलेल्याला रिकामा हात, हे ख्रिस्ती वर्तन नव्हे. परंतु ह्या लेखात मी जे मागत आहे त्याला पैसा फारसा लागत नाही. बहुतेक गोष्टी न करण्याच्या आहेत : न विकत घेणे, न तोडणे, न फवारणे. माणूस आणि पाखरू ह्यांच्यात निवड करायची वेळ फार क्वचित येते. बहुधा निवड आपली हौस आणि पाखरू ह्यांच्यात असते, आणि आपण हौसेला माणुसकीचे नाव देतो.

डॉ. सालिम अली लहान असताना त्यांनी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती जात, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथून त्याचे आयुष्यच पालटले. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याला ‘एका चिमणीचे पतन’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यात शुभवर्तमानातील चिमणीचा प्रतिध्वनी ऐकू येतो. हातात पडलेल्या त्या पाखराकडे मुलगा नीट पाहू लागला. पाहण्याची हीच सवय आपल्या मुलांना लावता येईल, आणि त्यासाठी कोणाचा जीव घेण्याची गरज नाही. पिंजऱ्याच्या किमतीत पक्ष्यांच्या चित्रांचे चांगले पुस्तक येते. पनवेलजवळ कर्नाळ्याचे अभयारण्य आहे. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गोव्यात चोडण बेटावर सालिम अलींच्याच नावाचे अभयारण्य आहे. आणि कुठेच जाता आले नाही तर मागच्या दारी शेवगा आहे.

संत फ्रान्सिस असिसीकरांच्या कथांमध्ये एक पोर रानात धरलेली होलडी विकायला नेत असते. फ्रान्सिस ती मागून घेतात, छातीशी धरतात, आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने घरटी करतात. होलडी तिथेच अंडी घालतात, पिल्ले वाढवतात, आणि फ्रान्सिस ह्यांनी आशीर्वाद देऊन निरोप दिल्यावर उडून जातात. त्यांनी होलड्यांना ठेवून घेतले ते घरट्यात, पिंजऱ्यात नव्हे. आणि निरोप स्वतः दिला. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ह्या संताला निसर्गरक्षणाचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. त्यांच्या मृत्यूला २०२६ साली आठशे वर्षे पूर्ण होतात.

४ ऑक्टोबरला, त्यांच्या सणाच्या दिवशी, पुष्कळ ठिकाणी लोक आपले पाळीव प्राणी आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणतात. पिंजऱ्यासह पाखरेही येतात. धर्मगुरू हात उंचावतो, तीर्थ शिंपडतो. पाखराला त्या आशीर्वादाची गरज आहे असे मला वाटत नाही, त्याला तो पाचव्या दिवशीच मिळालेला आहे. आशीर्वाद खरोखर पिंजरा धरलेल्या हाताला हवा आहे : त्याला रोज पाणी बदलण्याचा धीर मिळावा, पुढचा पिंजरा विकत न घेण्याचे शहाणपण मिळावे, आणि कुंपणावरचा दयाळ उडून गेल्यावर रिकाम्या फांदीकडे पाहून ईश्वराचे आभार मानता यावेत. वाचकहो, एवढी प्रार्थना आपण ४ ऑक्टोबरची वाट न पाहता आज रात्रीच्या रोझरीनंतरही करू शकतो.